पॅड नवे टाकले, पण कॅलिपर पाहिला का? ट्रॅकवर पळालेली गाडी घेऊन घाटात उतरण्याआधी

पिंपळगाव राजाहून बुलढाण्याला जायचं म्हटलं की घाट चुकत नाही. मोताळ्यावरून गेलात तर राजूर घाट, खामगावकडून गेलात तर बोथ्याचा घाट. कचेरीचं काम असो, दवाखाना असो, लग्न-वलीमा असो किंवा होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईला सैलानी बाबांच्या यात्रेला जाणं असो, जाताना गाडीचं इंजिन दमतं आणि येताना ब्रेक दमतात. इंजिन दमलं की गाडी आवाज करून सांगते. ब्रेक मात्र बहुतेक वेळा शेवटच्या वळणापर्यंत काहीच सांगत नाहीत.

हा लेख लिहिण्याचं कारण वेगळं आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या तरुणांमध्ये सेकंडहँड 'स्पोर्टी' गाड्यांची हौस वाढली आहे. पुण्या-मुंबईकडून पोलो जीटीसारखी एखादी गाडी येते. रुंद टायर, खाली बसवलेलं सस्पेन्शन, चाकाच्या जाळीतून दिसणारा लाल कॅलिपर. विकणारा अभिमानाने सांगतो की गाडी ट्रॅकवर पळवलेली आहे. घेणाऱ्यालाही ते कौतुक वाटतं. आणि मग त्याच गाडीत अम्मी-अब्बा, बहीण आणि तिची दोन लेकरं बसवून तो घाट उतरतो. ट्रॅकवर पळालेल्या गाडीचं इंजिन कसं आहे हे सगळे पाहतात, पण ब्रेकचे कॅलिपर काढून कोणी पाहत नाही. त्या गाडीत सगळ्यात जास्त भाजून निघालेली वस्तू तीच असते.

पोलोचं नाव उगाच घेतलं नाही. चाकणच्या कारखान्यात २००९ पासून फोक्सवॅगनच्या गाड्या तयार होऊ लागल्या आणि २०१० मध्ये त्याच पोलोला शर्यतीसाठी सज्ज करून भारतात पोलो कप सुरू झाला. शर्यतीच्या गाडीत पिंजरा, सीट, टायर, सस्पेन्शन वेगळं असतं हे खरं. पण ब्रेकचं तत्त्व तुमच्या दारातल्या गाडीचंच. फरक एवढाच की शर्यतीचा मिस्त्री प्रत्येक फेरीनंतर चाक काढून ब्रेक पाहतो, आणि आपल्याकडे 'कर्रर्र' आवाज आला की पाहतात.

आधी उष्णतेचा हिशोब करू, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. ब्रेक मारला की गाडीची गती हवेत विरघळत नाही, ती उष्णता होऊन डिस्क आणि पॅडमध्ये जाते. माणसांसह १५०० किलोची गाडी ताशी १२० वरून पूर्ण थांबवली (समृद्धी महामार्गावर मोटारींना मैदानी भागात तीच मर्यादा आहे) तर साधारण ८ लाख ज्यूल उष्णता तयार होते. आता तीच गाडी घाटातून ३०० मीटर उंची खाली उतरली, तीही न्यूट्रलमध्ये, नुसत्या ब्रेकवर, तर उष्णता होते सुमारे ४४ लाख ज्यूल. म्हणजे १२० वरून लागोपाठ पाच वेळा गाडी थांबवण्याएवढी. पाण्याचा २० लिटरचा जार घ्या. एवढ्या उष्णतेनं त्यातलं पाणी ३० अंशांवरून ८० च्या पुढे जाईल. आणि ही उष्णता चार लोखंडी तबकड्यांत, त्यातही मोठा वाटा पुढच्या दोन तबकड्यांत जमा होतो. हवा आणि टायर काही भाग घेतात, पण मे महिन्यात वऱ्हाडात हवाच ४४-४५ अंशांची असते.

ट्रॅकवर हेच दर फेरीला घडतं. सरळ रस्त्यावर पूर्ण वेग, मग वळणाआधी जोराचा ब्रेक, परत वेग, परत ब्रेक. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं आहे; त्याच्या एका फेरीत असे जोराचे ब्रेक अनेकदा लागतात आणि ट्रॅकवर उतरलेला हौशी चालक अशा बऱ्याच फेऱ्या मारतो. त्यामुळे ट्रॅकवर पळालेल्या गाडीच्या कॅलिपरनं काही दिवसांत जे सोसलं, ते आपल्या गाडीचा कॅलिपर कित्येक घाट उतरून सोसतो. घाटवाल्याला ट्रॅकवाल्याकडून शिकण्यासारखं आहे ते म्हणूनच.

कॅलिपर म्हणजे काय ते थोडक्यात. डिस्कच्या दोन्ही बाजूंनी पॅड आवळणारा हा चिमटा. तुम्ही पायडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइल ढकललं जातं, ते कॅलिपरमधल्या पिस्टनला पुढे सारतं आणि पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतो. आपल्या बहुतेक गाड्यांत पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. आतला पॅड डिस्कला टेकला की उलट दाबानं अख्खा कॅलिपर दोन गाइड पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅडही ओढून घेतो. महागड्या स्पोर्ट्स कारमध्ये कॅलिपर सरकत नाही. तो घट्ट बसवलेला असतो आणि दोन्ही बाजूंना पिस्टन असतात, चार किंवा सहा.

पाय काढल्यावर पिस्टन मागे कसा येतो, हा प्रश्न गॅरेजवर शिकणाऱ्या पोराला विचारा. बरेच जण 'स्प्रिंग असते' म्हणतात. डिस्क ब्रेकच्या पिस्टनमागे तशी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी काठाची एक रबरी रिंग असते. पिस्टन पुढे जाताना ती रिंग किंचित पीळ खाते, आणि दाब गेला की पीळ सोडताना पिस्टनला आपल्याबरोबर मागे ओढते. मागे येणं मिलिमीटरच्या एका भागाएवढंच असतं. ट्रॅकची खरी चोट याच रबरावर बसते. वारंवार भाजलं की ते कडक होतं, त्याचा पीळ जातो, पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि पॅड डिस्कला घासत राहतो. घासल्यानं अजून गरम, अजून गरम झाल्यानं रबर अजून कडक. असा कॅलिपर एकदा या चक्रात सापडला की नवा पॅड टाकून काही उपयोग नाही. नवा पॅडही काही हजार किलोमीटरांत तसाच खाल्ला जातो, आणि मालक म्हणतो 'पॅड डुप्लिकेट निघाले'.

आता तपासणी. घेण्याआधी गाडी पाहत असाल किंवा घरचीच गाडी पाहायची असेल, सुरुवात चाक न काढता करा. सपाट रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर चालवा, ब्रेक शक्य तेवढा कमी मारा, आणि इंजिनच्या वेगावरच गाडी हळू करत थांबवा. मग चारही चाकांजवळ तळहात न्या, लावू नका, फक्त जवळ. पुढची दोन एकमेकांसारखी आणि मागची दोन एकमेकांसारखी हवीत. डावं कोमट आणि उजवं चटका देणारं असेल तर उजव्या बाजूचा ब्रेक सुटत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर डिस्कवर धरून आकडेच वाचा. (कोरोनात कपाळावर धरायची बंदूक इथे कामाची नाही, ती तापाच्या आसपासचेच आकडे दाखवते.) चालवताना गाडी एका बाजूला ओढते का, ब्रेक सोडल्यावर अडकल्यासारखी वाटते का, चाकाशी जळका वास येतो का, एकाच जाळीवर काळी भुकटी जास्त आहे का, हेही पाहून घ्या.

मग जॅक. गाडी जॅकवर ठेवून कोणीही खाली हात घालू नये. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवायला खाली घोडी लागते. मागच्या चाकांना दगड लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धे सैल करा, नंतर चाक फिरतं आणि जोर लागत नाही. गाडी उचलल्यावर चाक हातानं फिरवा. हलकी खसखस चालेल, पण अर्ध्या फेरीतच चाक थांबत असेल तर अडकण आहे. (इंजिनला जोडलेल्या चाकांना गिअरबॉक्समुळे थोडा जडपणा असतो, म्हणून नेहमी डाव्या-उजव्याची तुलना करा.)

अडकण कुठे आहे हे शोधायची एक सोपी युक्ती जुने उस्ताद वापरतात. अडकलेल्या चाकाच्या कॅलिपरचा हवा काढायचा निपल जरासा सैल करा. थोडं ऑइल उडालं आणि चाक मोकळं झालं, तर दोष कॅलिपरचा नाही. दाब मागे अडकला आहे, म्हणजे रबरी पाइप आतून फुगून बंद झाला असेल किंवा मास्टर सिलिंडर परत येत नसेल. निपल उघडूनही चाक तसंच जड असेल, तर पिस्टन किंवा गाइड पिन जाम आहे. या दोन मिनिटांच्या कामात कित्येकांचा नव्या कॅलिपरचा खर्च वाचतो. जुन्या गाड्यांत फुगलेला पाइप ही फार सामान्य गोष्ट आहे आणि तो कॅलिपरपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतो.

चाक काढल्यावर दोन्ही पॅड पाहा, नुसता बाहेरचा नव्हे. बाहेरचा जाळीतून दिसतो म्हणून सगळे तोच पाहतात. आतला पॅड जास्त झिजला असेल तर पिन जाम आहेत किंवा पिस्टन मागे येत नाही. बाहेरचा जास्त झिजला असेल तर कॅलिपर सरकून गेला पण परतला नाही, म्हणजे पुन्हा पिनांचाच प्रश्न. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, पाचरीसारखा झिजला असेल तर सरकत्या कॅलिपरमध्ये एकच पिन जाम असू शकते. ट्रॅकवरच्या गाडीत याचा आणखी एक अर्थ निघतो. सतत भाजल्यानं आणि जोरानं कॅलिपरची तोंडं किंचित उघडलेली असतात, चिमट्याचे पाय फाकावेत तशी. असा कॅलिपर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

रंग पाहा. कॅलिपरचा मूळ रंग तपकिरी किंवा काळपट पडला असेल, पिस्टनभोवतीचा रबरी बूट ठिसूळ होऊन तडकला असेल, तर तिथे फार उष्णता झाली आहे. ट्रॅकवाले कॅलिपरवर तापमानाच्या पट्ट्या चिकटवतात, ठरावीक तापमान ओलांडलं की पट्टीचा रंग कायमचा बदलतो. विकायला आलेल्या गाडीवर अशी पट्टी सापडली तर ती जरूर वाचा, विकणारा सांगत नाही ते ती सांगेल. डिस्कवर निळे डाग, बारीक तडे किंवा काठावर उंच कंगोरा असेल तर डिस्कही गेली. डिस्कच्या मधल्या भागावर किंवा काठावर तिची कमीत कमी चालणारी जाडी कोरलेली असते. व्हर्नियरनं मोजून पाहा. त्याहून पातळ डिस्क घासून सपाट करून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

पॅडचा मसाला नवा असताना साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. रस्त्यावरच्या गाडीत ३ मिलिमीटर उरला की बदलायचा असा रिवाज आहे. ट्रॅकवाले मात्र अर्धा झिजला की काढतात. कंजूषपणा न करण्यामागे कारण आहे. पॅड पातळ झाला की डिस्कची उष्णता त्यातून थेट पिस्टनला आणि पिस्टनमागच्या ऑइलला पोचते. घाटाच्या वाटेवर रोज जाणाऱ्यानं ३ ची वाट न पाहता थोडं आधीच बदललेलं बरं, असं माझं मत आहे.

ऑइलचं थोडं सविस्तर सांगतो, कारण घाटात ब्रेक 'गेला' म्हणतात तेव्हा पुष्कळदा ऑइल गेलेलं असतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ चं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे, पण सुमारे पावणेचार टक्के पाणी शिरलं की ते १४० लाच उकळू शकतं. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. पायडल गादीसारखं मऊ होऊन खाली जातं आणि गाडी थांबत नाही. थंड झाल्यावर पायडल पुन्हा नेहमीसारखं, म्हणून गॅरेजवर नेल्यावर काहीच सापडत नाही!

दुसरा प्रकार असा की पायडल घट्ट आहे, पाय पूर्ण जोरानं दाबतो आहे, तरी गाडी धावतेच. तिथे ऑइल ठीक आहे, पण पॅडचा मसाला भाजून त्याची पकड गेली आहे. या दोन्हींत फरक ओळखता आला पाहिजे. मऊ पायडल म्हणजे ऑइल, घट्ट पायडल म्हणजे पॅड. पायडल मऊ झालं तर ते भराभर पंप करा, थोडा दाब परत मिळू शकतो. दोन्हींतही गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घ्या, दरीच्या नव्हे.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. डिझेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रल करणारे, त्यातले काही तर इंजिनच बंद करणारे, आपल्यात आहेत. इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, पायडल दगडासारखं होतं, स्टिअरिंगही जड होतं. आजकालच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजिनला इंधन जवळपास मिळतच नाही. म्हणजे वाचत काहीच नाही, आणि वर सांगितलेली ४४ लाख ज्यूलची सगळी आग ब्रेकच्या माथी येते. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरायचं, ही जुन्या ट्रक चालकांची पद्धत आजही बरोबर आहे.

आता कॅलिपर खोलून दुरुस्त करायचा की नवा टाकायचा? पिन कोरड्या पडल्या असतील, बूट फाटला असेल, रबर कडक झालं असेल, पण पिस्टन आणि त्याचं भोक गुळगुळीत असेल तर किट टाकून काम होतं. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील, मुलामा उडाला असेल, भोकात नखाला लागणारी ओरखडी असेल, निपल तुटून आत राहिला असेल किंवा तोंड फाकलं असेल, तर नवाच. पॉलिश पेपरनं घासून पिस्टन परत बसवणं हा उद्योग करू देऊ नका, मुलामा गेलेला पिस्टन दोन पावसाळ्यांत परत गंजतो. आणि एका बाजूचा बदलला तर त्याच एक्सलवरचा दुसऱ्या बाजूचाही निदान खोलून, साफ करून, नव्या रबरांसह बसवा. पॅड तर नेहमी जोडीनंच. नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला खेचेल.

बदलण्याचं काम चांगला मिस्त्रीच करो, पण शेजारी उभं राहून काय पाहायचं ते माहीत असावं.

जुना कॅलिपर सोडवताना तो ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नये, तारेनं सस्पेन्शनला बांधावा. पाइप आतून तुटला तर बाहेरून दिसत नाही. पाइपच्या बोल्टला दोन्ही बाजूंनी तांब्याचे वॉशर असतात. ते एकदा आवळले की दबून जातात, म्हणून दरवेळी नवे. हे दोन वॉशर वाचवून ऑइल गळायला लावलेलं काम कित्येक ठिकाणी दिसतं.

नवा कॅलिपर हातात घेतला की आधी निपल कुठे आहे पाहा. बसवल्यावर निपल सगळ्यात वर आला पाहिजे. डावा-उजवा उलटा बसवला तर बऱ्याच गाड्यांत तो बसतो बरोबर, पण निपल खाली जातो, आणि हवा तर वर राहते. मग दिवसभर हवा काढली तरी पायडल मऊच. अशा वेळी मिस्त्री मास्टर सिलिंडरवर संशय घेतो आणि तुमचा खर्च वाढतो.

गाइड पिनांना साधं काळं ग्रीस लावू देऊ नका. पेट्रोलियमच्या ग्रीसनं रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम होते. सिलिकॉनचं, ब्रेकसाठीचं ग्रीस मिळतं, त्याचा छोटा पाऊच पुरतो. पिस्टनच्या रबराला मात्र ग्रीसऐवजी नवं ब्रेक ऑइलच लावून बसवतात. पॅडच्या मसाल्याला आणि डिस्कला काहीही लागता कामा नये. लागलं तर ब्रेक क्लीनरनं पुसा. ब्रेक ऑइल बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, ते रंग खातं.

मागच्या चाकांचे काही कॅलिपर हँडब्रेकलाही जोडलेले असतात. त्यांचा पिस्टन नुसता दाबून मागे जात नाही, फिरवत फिरवत न्यावा लागतो. पान्यानं ठोकून दाबला तर आतली यंत्रणा तुटते. बटणाचा हँडब्रेक असलेल्या गाडीत तर आधी स्कॅनर लावून सर्व्हिस मोड चालू करावा लागतो. तुमच्या मिस्त्रीकडे तो नसेल तर काम खामगावला किंवा अकोल्याला नेऊन करा, यात कमीपणा काहीच नाही.

बोल्ट टॉर्क पान्यानं आवळावेत. गाइड पिनचा बोल्ट बहुतेक छोट्या गाड्यांत ३० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो आणि ब्रॅकेटचे बोल्ट त्याच्या तिप्पट-चौपट. नेमका आकडा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये पाहा. 'हाताच्या अंदाजानं' आवळणारे उस्ताद पुष्कळदा बरोबर असतात, पण छोटा बोल्ट जास्त आवळून पिचला की तो घाटातच कळतो. आपल्या समाजातली कितीतरी पोरं दहावीनंतर गॅरेजवर उस्तादाच्या हाताखाली हे काम शिकतात. त्या पोराला ईदीला टॉर्क पाना द्या म्हणतो मी. मोबाइलच्या कव्हरपेक्षा जास्त वर्षं टिकेल आणि गिऱ्हाईकही वाढवेल.

मग हवा काढणं. नवं, सीलबंद बाटलीतलं ऑइल. महिनाभर उघडी पडलेली बाटली स्वस्तात मिळाली तरी नको, ती ओल पिऊन बसलेली असते. एक जण पायडलवर, एक जण निपलवर. दाब, धर, निपल उघड, बंद, सोड. ऑइलची टाकी मधूनमधून भरत राहायची, ती रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून. जुन्या गाडीत पायडल अगदी तळापर्यंत हाणू नये. सिलिंडरच्या न वापरलेल्या, गंजक्या भागात रबर घासून फाटतं, म्हणून खाली लाकडाचा तुकडा ठेवतात. काही गाड्यांत एबीएसच्या पंपातली हवा काढायला स्कॅनर लागतो. निघालेलं ऑइल परत वापरायचं नाही. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल आलं आणि पायडल वर घट्ट थांबलं की काम झालं. गाडी हलवण्याआधी दहा-वीस वेळा पायडल दाबून पॅड डिस्कला टेकवून घ्या. नाहीतर गॅरेजच्या दारातच पहिला ब्रेक रिकामा जातो, आणि समोर कोणी ना कोणी उभं असतंच.

सुट्या भागांबद्दल दोनच शब्द. पक्कं बिल घ्या आणि डब्यावरचा कोड तपासा, नकली माल खूप आहे. आणि ते लाल रंगाचे, मोठ्या कंपनीचं नाव कोरलेले, मूळ कॅलिपरवर चिकटवायचे कव्हर? काढून टाका. आतला कॅलिपर तेवढाच लहान राहतो, वर त्याची हवा बंद होते. खऱ्या शर्यतीच्या कॅलिपरची हौस असेल तर हेही ऐकून ठेवा की त्यातल्या पुष्कळांना धुळीपासून बचावाचे बूटच नसतात. शर्यतीचे मिस्त्री ते सारखे खोलून साफ करतात. आपल्या काळ्या मातीच्या धुळीत आणि पावसाळ्याच्या चिखलात असा कॅलिपर फार दिवस टिकणार नाही. त्यापेक्षा कंपनीचा मूळ कॅलिपर, चांगले पॅड आणि ताजं डॉट ४ ऑइल, म्हणजे मॅन्युअलमध्ये तेच सांगितलं असेल तर. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं ऑइल वेगळं असतं, ते यात मिसळू नका. नावात नुसता .१ चा फरक दिसतो म्हणून गल्लत होते.

नवे पॅड बसवल्यावर त्यांना बसायला वेळ द्या. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १० पर्यंत मध्यम जोरानं आठ-दहा वेळा ब्रेक, पूर्ण न थांबता, मधे थोडं अंतर चालवत. नंतर दहा मिनिटं ब्रेक न मारता गाडी फिरवा म्हणजे डिस्क थंड होते. डिस्क तापलेली असताना हँडब्रेक ओढून गाडी उभी करू नका, ट्रॅकवाले हे कटाक्षानं पाळतात. पॅडचा मसाला एकाच जागी चिकटतो आणि पुढे पायडल थरथरतं. घाट उतरून चहाला थांबलात तर सपाट जागा पाहा, गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला, ट्रॅकवर जाणारा तर दर वेळी जाण्याआधी बदलतो. गाइड पिना वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर काढून पुसून पुन्हा ग्रीस लावा; अर्ध्या तासाचं काम आहे. यात्रेला किंवा लांबच्या लग्नाला सात-आठ माणसं घेऊन निघायचं असेल तर आदल्या आठवड्यात, आदल्या रात्री नव्हे, पुढची दोन्ही चाकं काढून आतला पॅड पाहून घ्या. कॅलिपर बदलून पन्नास-शंभर किलोमीटर झाले की एकदा पुन्हा खाली वाकून पाहा: पाइपच्या बोल्टपाशी ओल आहे का, टाकीतलं ऑइल उतरलं का, आणि दोन्ही चाकं सारखीच गरम आहेत का.